‘काम झाले’ असे कोणी म्हणावे?

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या वाचनालयात १९३०च्या दशकातल्या एका मासिकाचे चार बांधीव खंड मला सापडले. पाने पिवळी पडली होती, कडा झडत होत्या आणि दोन खंडांच्या पुठ्ठ्यांना वाळवी लागली होती. वाचनालयाची इमारत पाडायची ठरली होती. खंड आणखी किती दिवस जागेवर राहतील हे ग्रंथपालांनाही सांगता येत नव्हते. त्यांनी मला तीन दिवस दिले. कॅमेरा, दोन दिवे आणि लॅपटॉप घेऊन मी तिथे बसलो आणि चारही खंडांची पाने एकेक करून टिपली.

मी संगणकाचा माणूस नव्हे. जुनी नियतकालिके हा माझा विषय. टिपलेली पाने सरळ करायची, कडा कापायच्या, क्रमांक द्यायचे, या कंटाळवाण्या कामांपायी पंचेचाळिशीनंतर पायथन ही संगणकभाषा पुस्तके वाचून शिकलो. तीत लिहिलेला एक छोटा प्रोग्रॅम मी वापरत असे. कॅमेऱ्याच्या कार्डावरचे चित्र तो उचलायचा, ते साफ करून जतन करण्याचे काम मागे चालणाऱ्या एका ‘थ्रेड’कडे, म्हणजे कामाच्या वेगळ्या धाग्याकडे सोपवायचा आणि स्वतः पुढचे चित्र आणायला जायचा. मधल्या रांगेत एका वेळी दहा पाने मावत. शेवटचे पान सोपवून झाले की पडद्यावर अक्षरे उमटत : ‘सर्व पाने पूर्ण’. ती वाचून मी कार्ड पुसून पुढच्या खंडासाठी मोकळे करत असे.

चार महिन्यांनी एका लेखाच्या कामासाठी त्या मासिकाची वार्षिक सूची हवी होती. सूची खंडाच्या शेवटी असते. ती सापडेना. मग बाकीचे खंड तपासले. प्रत्येक खंडाची शेवटची दहा-अकरा पाने नव्हती. चार खंड मिळून ४३. वाचनालयात फोन केला, तर इमारत पडली होती आणि वाळवी लागलेली पुस्तके रद्दीत गेली होती.

दोष माझाच होता. शेवटचे पान सोपवले जाणे आणि शेवटचे पान पूर्ण होणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि मी पहिलीला दुसरीचे नाव दिले होते. मुख्य प्रोग्रॅम संपला तेव्हा मागचा धागा दहा पाने मागे होता. तो तिथल्या तिथे तोडला गेला. याचे कारण एक शब्द होता, जो मी कुठल्याशा उदाहरणातून जसाच्या तसा उतरवून घेतला होता : ‘डीमन’. तो लिहिला की प्रोग्रॅम झटकन बंद होतो, एवढेच मला ठाऊक होते. त्याचा खरा अर्थ असा की मुख्य काम संपल्यावर या धाग्यासाठी कोणीही थांबणार नाही.

एखादा शब्द अडला की त्याची जन्मकथा धुंडाळायची, ही माझी जुनी खोड. त्या शब्दामागे लागलो आणि साठ वर्षांचा एक इतिहास हाती आला. त्यात नवनव्या यंत्रांची वर्णने पुष्कळ आहेत, पण त्याच्या मुळाशी प्रश्न एकच आहे : मागे सोडलेल्या कामासाठी थांबायचे कोणी?

राखणदार

संगणकाच्या पहिल्या काळात थांबत होता तो माणूस. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६४ साली सीडीसी ३६०० हे यंत्र आले. त्या पिढीच्या यंत्रांची रीत अशी, की छिद्रे पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा आणि आपला क्रमांक लागून छापील उत्तर हाती येईपर्यंत वाट पाहायची. यंत्र महाग, माणसाचा वेळ स्वस्त. त्यामुळे यंत्र रिकामे राहू नये आणि माणसाने ताटकळावे, हा हिशेब कोणाला खटकत नव्हता.

तो उलटवण्याचा एक मोठा प्रयत्न अमेरिकेत एमआयटी या संस्थेत झाला. फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१मध्ये अशी व्यवस्था करून दाखवली, की एकच यंत्र अनेकांमध्ये वेळ वाटून घेते आणि प्रत्येकाला ते आपल्यासाठीच चालले आहे असे वाटते. यंत्र एकाच वेळी अनेकांचे झाल्यावर त्याला काही घरगुती कामेही स्वतःची स्वतः करावी लागली. कोणी न सांगता मागे सतत चालणाऱ्या अशा कामांना कॉर्बातोंच्या गटाने १९६३च्या सुमारास ‘डीमन’ म्हणायला सुरुवात केली. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल याने १८६७ साली एका विचारप्रयोगात एक इवलासा द्वारपाल कल्पिला होता. तो न दमता, न थांबता वेगवान आणि मंद रेणू वेगळे करत राहतो. पुढे केल्व्हिनने त्याला ‘डीमन’ म्हटले. कॉर्बातोंनी पुढे सांगितले, की नावाची प्रेरणा हीच होती.

इंग्रजी शब्दामुळे आपल्याला सैतान आठवतो, पण मूळ ग्रीक शब्दात दुष्टपणा नाही. कोकणातल्या वाचकाला ही कल्पना एका शब्दात कळेल : राखणदार. तो दिसत नाही, त्याला कोणी रोज हाक मारत नाही, पण गावाच्या सीमेवर तो आहे असे सगळे धरून चालतात. अगदी सुरुवातीच्या डीमनांपैकी एकाचे काम होते साठवलेल्या माहितीच्या प्रती चुंबकीय फितीवर उतरवून ठेवणे. म्हणजे नाहीशा होणाऱ्या गोष्टी जपणे. माझ्या प्रोग्रॅममधल्या डीमनचे कामही तेच होते. फरक एवढाच, की कॉर्बातोंचे यंत्र राखणदाराला टाकून निघून जात नव्हते. मी मात्र राखणदार नेमला आणि गावच उठवले.

मोजणारा आणि चौकट

एका कामातून दुसरे काम फुटून समांतर चालू लागावे, ही कल्पना स्वच्छ शब्दांत मांडणाऱ्यांत मेल्व्हिन कॉनवे हे नाव अग्रभागी आहे. १९६३ साली अमेरिकेतल्या एका संगणक परिषदेत त्यांनी अनेक प्रक्रियक असलेल्या यंत्राचा आराखडा मांडला आणि त्यात दोन आज्ञा सुचवल्या : ‘फोर्क’ आणि ‘जॉइन’. फोर्क म्हणजे वाटेला फाटा फुटणे, जॉइन म्हणजे फाटे पुन्हा एकत्र येणे.

कॉनवेंच्या जॉइनमधली एक गोष्ट मला विशेष वाटली. तिथे आई मुलांसाठी थांबलेली नसते. संगमावर फक्त एक आकडा लिहिलेला असतो : किती जण यायचे आहेत. जो येतो तो आकड्यातून एक वजा करतो. उरलेला आकडा शून्य नसेल तर त्याचे काम संपले, त्याला चालवणारा प्रक्रियक दुसऱ्या कामाला मोकळा. ज्याच्या वजाबाकीने शून्य येते, म्हणजे जो सर्वांत शेवटी पोहोचतो, तो पुढची वाट चालू लागतो. वारीत मागे पडलेल्यांसाठी दिंडीने थांबावे तसे हे नाही. मुक्कामाच्या दारावर यादी लटकवली आहे आणि शेवटचे नाव खोडणारा दिंडी पुढे नेतो, असे आहे. हिशेब चोख आहे, पण अट एक : आकडा आधीच बरोबर लिहिलेला असला पाहिजे.

दुसरी वाट नेदरलँड्समध्ये निघाली. एट्सखर डाइक्स्ट्रा हे आइंटहोवन येथील तंत्रविद्यापीठात शिकवत. एकमेकांशी सहकार्य करणाऱ्या कामांविषयीची त्यांची व्याख्यानटिपणे १९६५ सालची आहेत. त्यांतून पुढच्या पिढ्यांनी मुख्यतः एक गोष्ट उचलली : सेमाफोर. नाव रेल्वेच्या जुन्या हात-सिग्नलवरून आलेले. तोवर एका कामाला दुसऱ्यासाठी थांबायचे असेल तर ते क्षणाक्षणाला ‘झाले का? झाले का?’ असे विचारत बसे, आणि त्या विचारण्यातच यंत्राचा वेळ खर्ची पडे. डाइक्स्ट्रांच्या सिग्नलपाशी थांबणारे काम झोपी जाते. दुसरे कोणी सिग्नल पाडला की त्याला उठवले जाते. वाट पाहणे फुकट झाले ते इथे.

पण त्याच टिपणांत दोन साधे शब्द होते, ज्यांच्याकडे तुलनेने कमी लोकांचे लक्ष गेले : ‘पारबिगिन’ आणि ‘पारेंड’. समांतर सुरुवात आणि समांतर शेवट. या दोन शब्दांच्या मध्ये जी कामे लिहावीत ती एकाच वेळी सुरू होतात, आणि त्यांतले शेवटचे काम संपेपर्यंत पारेंडच्या पुढे जाता येत नाही. इथे आकडा लिहायचा नाही, कोणाला विसरायचे नाही. जे चौकटीत सुरू झाले ते चौकटीतच संपणार, ही ग्वाही लिहिण्याच्या पद्धतीतच आहे.

म्हणजे १९६५ सालीच दोन्ही वाटा समोर होत्या. फोर्कच्या वाटेवर काम मोकळे सुटते आणि त्यासाठी थांबणे ही लिहिणाऱ्याची आठवण असते. चौकटीच्या वाटेवर थांबणे हा नियम असतो. जग गेले ते मुख्यतः पहिल्या वाटेने. का गेले, याचे एक उत्तर युनिक्सच्या जन्मकथेत आहे.

परत आलेले पत्र

युनिक्स ही प्रणाली १९६९ साली बेल लॅब्समध्ये पीडीपी-७ नावाच्या एका छोट्या, त्या काळीही जुन्या झालेल्या यंत्रावर केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी सुरू केली. आजच्या बहुतेक मोबाइल फोनांतली प्रणाली कुठे ना कुठे तिच्या वंशातली आहे. रिचींनी १९७९ साली सिडनीच्या एका परिषदेत तिच्या बालपणाची हकीकत सांगितली. त्या निबंधात, मला वाटते, वाट पाहण्याच्या इतिहासातली सर्वांत सुरस गोष्ट आहे.

फोर्कची कल्पना त्यांनी बर्कली येथील एका प्रणालीवरून घेतली. पीडीपी-७ वर ती उतरवायला यंत्रभाषेच्या नेमक्या २७ ओळी लागल्या, असे रिची नोंदवतात. आता ‘शेल’, म्हणजे माणसाच्या आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम, प्रत्येक आज्ञेसाठी आपल्यातून एक नवी प्रक्रिया फोडू लागला. पण ती आज्ञा पुरी झाली हे शेलला कळावे कसे? ‘वेट’ नावाची सोय तेव्हा नव्हती. प्रक्रियांनी एकमेकींना निरोप पाठवायची सोय मात्र होती, आणि निरोप घेतला जाईपर्यंत पाठवणारा खोळंबून राहत असे.

त्यांनी युक्ती केली. शेल त्या नव्या प्रक्रियेला एक निरोप पाठवी. तो तिने कधीच वाचायचा नाही, हे ठरलेले. शेल खोळंबून राही. प्रक्रिया तिचे काम करून संपली की शेलचा निरोप चुकीचा शेरा घेऊन परत येई : अशी प्रक्रिया अस्तित्वात नाही. पोस्टमनने ‘मालक येथे राहत नाहीत’ असे लिहून पत्र परत आणावे, आणि त्यावरून आपण काय ते समजावे, तसे. त्या परत आलेल्या पत्रावरून शेल ओळखत असे की काम झाले.

यात एक भगदाड होते. एखाद्या प्रक्रियेने स्वतःच्या कामासाठी निरोप वाचायला घेतले, तर शेलचे ते लटके पत्रही तिच्या हाती पडे. पत्र पोहोचले म्हणून शेल मोकळा होई आणि आज्ञा संपली असे समजून माणसाकडे पुढची आज्ञा मागू लागे. काम अर्धेच, आणि वर ‘झाले’ची घोषणा! हे वाचताना मला माझ्या पडद्यावरची ‘सर्व पाने पूर्ण’ ही अक्षरे दिसली. पन्नास वर्षांचे अंतर आणि चूक तीच. दुसऱ्या कशाचा तरी पुरावा आपण काम संपल्याचा पुरावा म्हणून धरला होता. पुढे निरोपांची ती सोय काढून तिच्या जागी ‘वेट’ ही साधी, एकाच कामाची आज्ञा आली.

वेटबरोबर एक विलक्षण जमाखर्चही आला. युनिक्समध्ये प्रक्रिया संपली तरी तिचे नाव वहीतून लगेच खोडले जात नाही. ती कशी संपली, यशाने की अपयशाने, एवढी नोंद तिला जन्म देणारी प्रक्रिया येऊन विचारेपर्यंत ठेवली जाते. तोवर ती मेलेली असूनही यादीत असते. तिला ‘झॉम्बी’ म्हणतात. पिंडाला कावळा शिवेपर्यंत घरचे लोक खोळंबतात, कारण गेलेल्याचे काहीतरी विचारायचे राहून गेले असे मानतात. युनिक्सने ते अक्षरशः पाळले. आणि जन्म देणारीच आधी गेली तर? मग त्या पोरक्या प्रक्रियेला सर्वांची मूळ पुरुष असलेली क्रमांक एकची प्रक्रिया दत्तक घेते आणि शेवटची विचारपूस तीच करते. कोणीतरी विचारलेच पाहिजे, हे तत्त्व सुटलेले नाही.

मग मोकळे सुटणे सोपे कसे झाले? रिचीच सांगतात, की या नव्या रचनेमुळे एक मोलाची सोय जवळजवळ फुकटात मिळाली. आज्ञेच्या शेवटी इंग्रजी ‘अँड’चे चिन्ह टाकले की ती मागे चालू लागते आणि शेल लगेच पुढची आज्ञा घेतो. त्यासाठी शेलला नवे काही करावे लागत नाही. फक्त थांबायचे नाही. या वाटेचे आकर्षण यात आहे. चौकट बांधायला भाषा बदलावी लागते, न थांबायला काहीच लागत नाही.

आठ सेकंद

घाईने उच्चारलेल्या ‘झाले’ची किंमत माझ्या बाबतीत ४३ पाने होती. काहींनी ती प्राणांनी मोजली आहे.

थेरॅक-२५ हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र होते. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अमेरिका आणि कॅनडामध्ये सहा रुग्णांना त्यातून प्रमाणाबाहेर किरणे दिली गेली. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांचा जो अहवाल प्रसिद्ध केला, तो या विषयातला आजही सर्वांत कसून केलेला तपास मानला जातो.

टेक्सासमधील टायलर या शहरात मार्च आणि एप्रिल १९८६मध्ये झालेले दोन अपघात आपल्या विषयाचे आहेत. यंत्राच्या प्रोग्रॅममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालत. एक काम तंत्रज्ञाने पडद्यावर भरलेली माहिती घेई. कर्सर शेवटच्या ओळीवर पोहोचला की ‘माहिती भरून झाली’ अशी खूण लावली जाई. ती खूण पाहून दुसरे काम चुंबकांची मांडणी सुरू करी. त्याला सुमारे आठ सेकंद लागत. टायलरची तंत्रज्ञ कामात सरावलेली होती. किरणांचा प्रकार चुकून दुसराच टंकला गेल्याचे तिच्या लक्षात आले. ती कर्सर वर नेऊन, चूक दुरुस्त करून पुन्हा खाली आली. हे सगळे आठ सेकंदांच्या आत. चुंबकांत गुंतलेल्या कामाने ती दुरुस्ती पाहिलीच नाही. पडद्यावर दुरुस्त माहिती दिसत होती आणि यंत्र आतून अर्धे जुन्या, अर्धे नव्या मांडणीत उभे होते.

मार्चमधल्या रुग्णाला १८० रॅड इतकी मात्रा द्यायची होती. नंतरच्या अंदाजाप्रमाणे त्याला एका सेकंदाहून कमी वेळात १६,५०० ते २५,००० रॅड मिळाले. त्या दोन्ही रुग्णांचा पुढे या अपघातांमुळे मृत्यू झाला. दोष कुठे आहे हे शोधले ते त्याच रुग्णालयातल्या भौतिकशास्त्रज्ञाने. त्या तंत्रज्ञाला बरोबर घेऊन, तीच माहिती पुन्हापुन्हा, अधिकाधिक वेगाने भरत, चूक हुकमी घडवून दाखवेपर्यंत तो थांबला नाही.

थेरॅकमध्ये दोष अनेक होते, आणि जुन्या यंत्रांतली यांत्रिक सुरक्षा काढून टाकणे हा त्यांतला मोठा. पण या दोन अपघातांच्या मुळाशी आपला तोच प्रश्न आहे. ‘भरून झाली’ हे ठरवले कर्सरच्या जागेने. भरणारी बाई अजून भरतच होती.

मुदतीची हुंडी

थांबण्याचे दुसरे टोकही धोक्याचे आहे, हे सांगायला हवे. दोन कामे एकमेकांसाठी थांबली तर दोन्ही जन्मभर थांबतात. डाइक्स्ट्रांनी १९६५च्या टिपणांतच याला जीवघेणे आलिंगन म्हटले होते. आपल्याकडे त्याला मगरमिठी हा शब्द तयारच आहे. शिवाय दूरच्या यंत्राकडून उत्तर यायचे असेल तर तोवर हात बांधून बसणे परवडत नाही. म्हणून सत्तरच्या दशकात एक वेगळा विचार पुढे आला : काम सोपवताना उत्तर मागू नका, उत्तराची चिठ्ठी घ्या.

१९७६ साली डॅनियल फ्रीडमन आणि डेव्हिड वाइज यांनी तिला ‘प्रॉमिस’ म्हटले, १९७७ साली हेन्री बेकर आणि कार्ल ह्यूइट यांनी ‘फ्युचर’. १९८८ साली एमआयटीत बार्बरा लिस्कोव्ह आणि लिउबा श्रिरा यांनी दूरवर पसरलेल्या यंत्रांसाठी प्रॉमिसला पक्के, भाषेत बसणारे रूप दिले. आपल्या पेठांना ही वस्तू नवी नाही. दर्शनी हुंडी दाखवताच पैसे मिळतात. मुदतीची हुंडी आज हातात येते, पैसे मुदतीनंतर. मधल्या काळात ती जपून ठेवता येते, पुढे दुसऱ्याला देता येते आणि तिच्या भरवशावर पुढचा व्यवहार मांडता येतो. प्रॉमिस ही कामाची मुदतीची हुंडी आहे. जावास्क्रिप्ट या भाषेत ती २०१५ साली अधिकृतपणे आली, आणि आज इंटरनेटवरच्या जवळपास प्रत्येक पानामागे अशा हुंड्या लिहिल्या आणि वटवल्या जातात. २०१२ साली सी-शार्प या भाषेने ‘अवेट’ हा शब्द दिला आणि पुढे तो अनेक भाषांत पसरला. त्याचा अर्थ : ही हुंडी वटेपर्यंत मी इथे थांबतो, तोवर यंत्राने दुसऱ्या कोणाचे काम करावे.

पण हुंडी लिहून घेतली आणि वटवायला कोणी गेलेच नाही तर? नोड या जावास्क्रिप्टच्या लोकप्रिय प्रणालीत अनेक वर्षे असे होत राहिले, की मागचे काम फसले, हुंडी न वटता परत आली, आणि ती बघायला पेढीवर कोणी नव्हते. प्रोग्रॅम नुसती सूचना छापून पुढे चालू राही. २०२०च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या पंधराव्या आवृत्तीपासून नियम बदलला : कोणी दखल न घेतलेले अपयश आढळले तर सगळा प्रोग्रॅमच थांबवायचा. युनिक्सने झॉम्बीच्या रूपाने जे धरून ठेवले होते, कोणीतरी विचारलेच पाहिजे, ते इथे अर्ध्या शतकानंतर नव्याने शिकावे लागले.

पाळणाघर

नोव्हेंबर २००९मध्ये गूगलने ‘गो’ ही भाषा जाहीर केली. तिच्या तीन मूळ रचनाकारांत युनिक्सचे केन थॉम्प्सनही आहेत. तिच्यात मागे काम सोडणे इतके सोपे, की आज्ञेआधी ‘गो’ हे दोन अक्षरी क्रियापद लिहिले की झाले. आणि तिचा नियम स्पष्ट आहे : मुख्य काम संपले की प्रोग्रॅम संपतो, बाकीच्यांसाठी थांबत नाही. थांबायचे असेल तर ‘वेटग्रुप’ नावाचा एक मोजणारा घ्यायचा. काम सोडताना एक मिळवायचा, काम संपताना एक वजा करायचा, शून्य झाले की पुढे जायचे. म्हणजे कॉनवेंच्या संगमावरची यादीच. तिची अटही तीच राहिली. आकडा वेळेवर मिळवला नाही तर थांबणाऱ्याला शून्य दिसते आणि तो निघून जातो.

२०१६ साली मार्टिन सुस्ट्रिक यांनी ‘स्ट्रक्चर्ड कन्करन्सी’, म्हणजे रचनाबद्ध समांतरता, या नावाखाली चौकटीची वाट पुन्हा दाखवली. एप्रिल २०१८मध्ये नॅथॅनियल स्मिथ यांनी तिच्या बाजूने सडेतोड निबंध लिहिला. मार्च १९६८मध्ये डाइक्स्ट्रांचे एक गाजलेले पत्र प्रसिद्ध झाले होते. प्रोग्रॅममध्ये कुठूनही कुठेही उडी मारू देणारी ‘गो टू’ ही आज्ञा घातक आहे, असे त्यात म्हटले होते. बरोबर पन्नास वर्षांनी स्मिथ यांनी मुद्दाम त्याच घाटाचे शीर्षक घेऊन म्हटले, की काम मोकळे सोडणारी ‘गो’ आज्ञा तशीच आहे. एखादे फलन परत आले म्हणजे त्याचे काम संपले, असे आपण वाचताना धरून चालतो. त्याने मागे काही सोडले असेल तर ते गृहीतच कोसळते.

स्मिथ यांनी आपल्या ‘ट्रायो’ या साधनात चौकटीला नाव दिले ‘नर्सरी’, आपल्या भाषेत पाळणाघर. मुलांना सोडायचे असेल तर पाळणाघरातच सोडायचे, आणि शेवटचे मूल घरी जाईपर्यंत पाळणाघराला कुलूप लावता येत नाही. हे पारबिगिन-पारेंडचेच रूप आहे. मधल्या काळात ते पूर्ण विझलेही नव्हते. टोनी होअर यांच्या १९७८च्या निबंधात आणि त्यावर उभ्या राहिलेल्या १९८३च्या ‘ऑकम’ या ब्रिटिश भाषेत समांतर चौकट होतीच.

मग नवे काय? नुसती जुन्याची उजळणी म्हटली तर तो अन्याय होईल. १९६५च्या चौकटीने सगळे नीट चालेल असे धरले होते. एक मूल आजारी पडले तर काय, याचे उत्तर तिच्यात नव्हते. नव्या चौकटीत एक काम फसले की उरलेल्यांना थांबण्याची सूचना जाते, ती आवरती होईपर्यंत वाट पाहिली जाते, आणि मग झालेले अपयश वर, ज्याने चौकट उघडली त्याच्यापर्यंत पोहोचवले जाते. अपयशालाही विचारणारा ठरलेला असतो. कॉटलिनमध्ये २०१८ साली, स्विफ्टमध्ये २०२१ साली आणि पायथनमध्ये ऑक्टोबर २०२२ला आलेल्या ३.११ या आवृत्तीत ही रचना आली. जावाने २०२३ साली ती प्राथमिक रूपात समोर ठेवली.

या चौकटीला मर्यादा आहेत. जे काम ते सोपवणाऱ्यापेक्षा अधिक जगणार आहे, वर्षानुवर्षे चालणारा राखणदारच समजा, ते तिच्यात सहज मावत नाही. त्याला मोठे पाळणाघर लागते, साऱ्या प्रोग्रॅमएवढे. पण तेव्हाही ‘याच्यासाठी कोण थांबणार?’ या प्रश्नाचे उत्तर लिहून ठेवावे लागते. साठ वर्षांत बदलले ते हे. पूर्वी थांबायचे ते आठवणीने लिहावे लागे आणि न थांबणे आपोआप घडे. आता थांबणे आपोआप घडते, आणि थांबायचे नसेल तर ते सांगावे लागते.

त्रेचाळीस पाने

माझा प्रोग्रॅम मी दुरुस्त केला. ‘डीमन’ हा शब्द खोडला आणि ‘सर्व पाने पूर्ण’ छापण्याआधी रांगेतले शेवटचे पान जतन होईपर्यंत थांबण्याची ओळ घातली. आता शेवटी अर्धा-पाऊण मिनिट पडदा काहीच बोलत नाही. सुरुवातीला त्या शांततेत हात अस्वस्थ व्हायचा. शिवाय आणखी एक सवय लावून घेतली : शेवटी पडद्यावर नुसते ‘पूर्ण’ येत नाही. किती पाने सोपवली आणि किती जतन झाली, असे दोन आकडे येतात. ते मी डोळ्यांनी ताडून पाहतो, मगच कार्ड पुसतो.

त्या मासिकाची सूची मी हाती असलेल्या पानांवरून नव्याने करतो आहे. गेलेल्या ४३ पानांपैकी १७ पानांवर काय होते हे आधीच्या अंकांतल्या जाहिरातींवरून आणि ‘पुढील अंकी’ या सदरावरून ताडता आले. उरलेल्या २६ पानांचे क्रमांक सूचीत तसेच ठेवले आहेत. त्यांच्यापुढे शेरा आहे : ‘पान होते. प्रत नाही.’